दहा लाख वेळा चाललं, म्हणून काय झालं?

टीममध्ये नवीन पोरगा आला की कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच, आणि प्रश्न रास्त आहे म्हणून मला त्याचा कधी राग येत नाही. "सर, फंक्शन दहा लाख वेळा चालवून बघितलं, जास्तीत जास्त ३.४ मिलिसेकंद लागले, बजेट ४.५ चं आहे, वर २० टक्के मार्जिन धरलं तरी ४.०८ होतात, मग अजून काय दाखवायचं राहिलं?"

तर हा लेख त्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. आम्ही गाड्यांच्या आतले छोटे कॉम्प्युटर प्रोग्राम करतो, ज्याला ईसीयू म्हणतात ते, आणि आमच्या धंद्यात उत्तर बरोबर असणं पुरत नाही, ते वेळेत यावं लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर म्हणजे चूकच. एअरबॅगचं घ्या, धडक झाल्यापासून ती ओळखून, ठरवून, पिशवी फुगेपर्यंतचा सगळा खेळ शंभरपेक्षाही कमी मिलिसेकंदांत संपायला हवा, आपली पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो. आता समजा कोणी म्हणालं की आमची एअरबॅग सरासरी इतक्या इतक्या वेळात उघडते, तर त्या सरासरीचं त्या गाडीत बसलेल्या माणसाने काय करायचं? त्याला फक्त त्याच्या एका धडकेशी मतलब आहे. व्हिडिओ कॉल अडकला तर आपण "हॅलो हॅलो ऐकू येतंय का" करतो आणि पुढे जातो, तिथे सरासरी चालते. ब्रेक, एअरबॅग, पेसमेकर, विमानाच्या पंखांवरच्या झडपा हलवणारा कॉम्प्युटर, इथे एकच आकडा कामाचा, सगळ्यात वाईट परिस्थितीत किती वेळ लागेल तो.

आणि हा आकडा मोजून सापडत नाही, इथेच सगळी गंमत आहे.

पोराचं फंक्शन काय होतं ते सांगतो. मोटरच्या टेंपरेचरची शेवटची १०० रीडिंग्ज ठेवायची, चढत्या क्रमाने लावायची आणि मधलं घ्यायचं, म्हणजे मध्येच एखादं वेडंवाकडं रीडिंग आलं तरी फरक पडत नाही. क्रम लावायला त्याने इन्सर्शन सॉर्ट वापरला होता, पत्त्यांच्या डावात हातातली पानं आपण जशी एकेक उचलून जागेवर खोचतो ना, अगदी तसाच. हिशेब सोपा व्हावा म्हणून एका तुलनेला १ मायक्रोसेकंद धरू. आकडे आधीच क्रमाने असतील तर ९९ तुलनांत काम संपतं. पूर्ण उलटे असतील तर प्रत्येक आकड्याला आधीच्या सगळ्यांशी तुलना करत मागे जावं लागतं, त्याच्या ४९५० तुलना होतात. म्हणजे ४.९५ मिलिसेकंद. बजेट गेलं.

मग दहा लाख टेस्टमध्ये हे दिसलं का नाही? कारण त्याने रँडम आकडे टाकले होते. रँडम आकड्यांत तुलना सरासरी अडीच हजारांच्या आसपास होतात आणि दहा लाख वेळा करून नशिबाने जास्तीत जास्त मजल जाते ती तेहतीस-चौतीसशेपर्यंत. १०० आकडे रँडममध्ये नेमके पूर्ण उलटे यायचे असतील तर त्याची शक्यता एक भागिले असा एक आकडा की जो लिहायलाच १५८ अंक लागतात. विश्वाच्या अंतापर्यंत टेस्ट चालवत बसा, येणार नाही.

पण रस्त्यावर ते रोज येतं! स्कूटर कात्रजचा घाट चढून आली, मोटर तापलीय, गाडी बाजूला लावली आणि चहा प्यायला गेलात. मोटर थंड होत जाते, दर दोन सेकंदांनी एक रीडिंग, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडं कमी. दोनशे सेकंदांत तुमच्या १०० रीडिंग्जची पूर्ण उलटी रांग तयार. टेस्ट बेंचवर जे विश्वाच्या अंतापर्यंत होणार नव्हतं ते एका कटिंग चहात झालं. आता सांगा ते २० टक्के मार्जिन कुठून आलं होतं? कुठूनच नाही, सगळे धरतात म्हणून धरलं. मोजून मिळालेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याला आमच्यात हाय वॉटर मार्क म्हणतात, आणि नदीकाठच्या माणसाला पुराची ही असली खूण किती भरवशाची असते ते मी सांगायला नको, पाणी अजूनपर्यंत इथवर आलंय एवढंच ती सांगते.

(दुरुस्ती सोपी होती बरं का. दर वेळी एकच नवीन रीडिंग येतं, मग अख्खी रांग नव्याने लावायची कशाला, सगळ्यात जुनं काढा नवीन जागेवर खोचा, शे-दोनशे पायऱ्यांत काम होतं. पण दुरुस्ती तेव्हा सुचते जेव्हा खड्डा दिसतो.)

बरं मग मोजायचं नाही तर करायचं काय, कोड न चालवता नुसता वाचून सांगायचं की हा जास्तीत जास्त इतका वेळ घेईल? हो, तेच करतात. त्याला वर्स्ट केस एक्झिक्युशन टाइम अॅनालिसिस म्हणतात. आणि लगेच कोणीतरी हुशार हात वर करतो की ट्यूरिंगने तर १९३६ मध्येच दाखवून दिलंय की कुठलाही प्रोग्राम घेऊन तो थांबेल का नाही हे सांगणारी सरसकट पद्धत असूच शकत नाही, मग थांबायला किती वेळ लागेल हे कसं सांगणार? बरोबर आहे. म्हणून आम्ही कुठलाही प्रोग्राम लिहितच नाही, मुद्दाम हात बांधून घेतो. प्रत्येक लूपला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडला, वरची मर्यादा ठरलेली पाहिजे, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) नाही, एकदा गाडी सुरू झाली की नवीन मेमरी मागायची नाही. नासाच्या जेपीएलमधल्या जेरार्ड होल्झमनने २००६ मध्ये असे दहा नियम लिहून काढले होते, त्यात हे तिन्ही आहेत. कॉलेजात शिकलेला देखणा रिकर्सिव्ह कोड इथे कोणी बघत नाही, कोड कंटाळवाणा असेल तितका चांगला.

हात बांधले तरी अडचण संपत नाही. लूपच्या आत एक इफ, म्हणजे असं असेल तर हे कर अशी अट, आहे आणि लूप १०० वेळा फिरतो, तर वाटा किती झाल्या? दोनाचा शंभरावा घात. एकेक वाट तपासायला गेलात तर पुन्हा विश्वाचा अंत. इथे १९९५ मध्ये प्रिन्स्टनच्या ली आणि मलिक यांनी जी युक्ती काढली ती मला आजही फार आवडते. ते म्हणाले वाटा मोजूच नका, बिल करा. कोडचे सरळ सरळ तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याचा एका वेळचा खर्च लिहा, समोर तो किती वेळा चालेल ते अज्ञात ठेवा, आणि अटी घाला, की तुकड्यात जितक्या वेळा आत शिरलात तितक्याच वेळा बाहेर पडलात, हा लूप १०० च्या वर फिरत नाही, हे दोन इफ एकाच फेरीत खरे असूच शकत नाहीत कारण एक गाडी पुढे जाताना आहे आणि दुसरा रिव्हर्समध्ये. आता या अटींमध्ये बसणारं सगळ्यात मोठं बिल किती होऊ शकतं ते शोधा. हे गणित कारखान्यांच्या प्लॅनिंगवाल्यांनी आधीच सोडवून ठेवलेलं होतं, लिनिअर प्रोग्रामिंगच्या घरातलं, त्यामुळे तयार सॉफ्टवेअर हाताशी होतं. सगळ्या वाटा न चालता सगळ्यात लांब वाटेचा खर्च मिळाला.

पण तुकड्याचा "एका वेळचा खर्च" म्हणजे किती? इथे हार्डवेअर मध्ये येतं आणि डोकं खातं.

प्रोसेसर आणि मेमरीच्या मध्ये कॅश असते. घरातल्या मिसळणाच्या डब्यासारखी. डब्यात सात वाट्या, रोजचे मसाले त्यात, हात घातला की मिळतात. बाकी सगळं वरच्या फळीवर, स्टूल घ्या, बरणी काढा, झाकण उघडा. वाटी रिकामी नसेल आणि नवीन मसाला ठेवायचा असेल तर जो सगळ्यात जास्त दिवस वापरला नाही तो बाहेर. प्रोसेसरचंही तेच, हवी ती गोष्ट कॅशमध्ये असली तर प्रोसेसरच्या घड्याळाचे एक-दोन ठोके, नसली तर दहापट, मोठ्या प्रोसेसरवर शंभरपट सुद्धा. म्हणजे तीच ओळ, तोच कोड, आणि खर्च मात्र आधी काय काय शिजवलं होतं त्यावर अवलंबून.

तर अॅनालिसिस करणारा टूल काय करतो, प्रत्येक ओळीपाशी यादी ठेवतो की या क्षणी डब्यात नक्की काय काय असणारच. असेल बहुतेक वगैरे नाही, असणारच. इफच्या एका वाटेने आलं तर डब्यात जिरं आणि हळद आहे, दुसऱ्या वाटेने आलं तर हळद आणि मोहरी, मग जिथे दोन्ही वाटा एकत्र येतात तिथे खात्रीने फक्त हळद. जिरं कदाचित असेलही, पण आपण फळीवरून काढावं लागेल असंच धरायचं. या सगळ्यामागचं गणित, म्हणजे प्रोग्राम न चालवता त्याच्या सगळ्या शक्य अवस्थांना एका सुरक्षित अंदाजात गुंडाळणं, पॅट्रिक आणि राधिया कूझो या फ्रान्समधल्या नवरा-बायकोने १९७७ मध्ये मांडलं. पुढे जर्मनीत झारब्रुकेनच्या युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी ते कॅशवर आणि पाइपलाइनवर (प्रोसेसर एका सूचनेचं काम संपायच्या आतच पुढची हातात घेतो ती साखळी) चालवून दाखवलं, १९९८ मध्ये तिथूनच अॅबसिंट नावाची कंपनी निघाली आणि एअरबसने ए३८० च्या फ्लाइट कंट्रोल सॉफ्टवेअरसाठी त्यांचा टूल वापरला.

आता इथे पोरगा परत म्हणतो, एवढा उपद्व्याप कशाला, प्रत्येक वेळी डब्यात नाहीच असं धरा, फळीवरूनच काढायचं, आकडा फुगेल पण सुरक्षित तर राहील. मलाही आधी असंच वाटायचं. आकडा भयंकर फुगतो हे झालंच, म्हणजे मग पन्नास रुपयांचं काम करायला पाचशेचा प्रोसेसर घ्यावा लागेल. पण धक्कादायक भाग असा की तो सुरक्षितही नसतो! १९९९ मध्ये स्वीडनच्या लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रॉम यांनी दाखवलं की जे प्रोसेसर कामाचा क्रम आतल्या आत बदलतात त्यांच्यात एखादी गोष्ट लवकर मिळाल्यामुळे एकूण काम उशिरा संपू शकतं.

हे ऐकायला उलटं वाटतं, पण सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात उभे राहा म्हणजे पटेल. शेगडी एकच. बटाटे आज भराभर चिरून झाले म्हणून भाजी शेगडीवर चढली. दोन मिनिटांनी डाळ भिजून तयार, पण शेगडी अडकलेली. डाळ थांबली, म्हणून पुरण थांबलं, पुरण वाटणं थांबलं, पोळ्या थांबल्या. बटाटे चिरायला जरा उशीर झाला असता तर डाळ आधी चढली असती आणि पुरण वाटलं जात असताना भाजी आरामात शिजली असती. बटाटे लवकर झाल्याने जेवण अर्धा तास लांबलं. प्रोसेसरमध्ये हुबेहूब हेच होतं, म्हणून "प्रत्येक ठिकाणी वाईट धरलं की एकूणही वाईट निघेल" हे गृहीत चालत नाही, टूलला दोन्ही शक्यता घेऊन पुढे जावं लागतं. आणि म्हणूनच सुरक्षेच्या कामाला आम्ही जुनाट, साधे, फार हुशारी न करणारे प्रोसेसर प्रेमाने घेतो. मित्र हसतात की तुझ्या फोनमध्ये याच्या शंभरपट ताकद आहे. असू दे.

समजा झालं, प्रत्येक कामाचा सगळ्यात वाईट वेळ मिळाला. पण प्रोसेसर एक आणि कामं अनेक. आता प्रश्न रांगेचा.

पद्धत साधारण अशी, जे काम वारंवार येतं त्याला मान मोठा, ते आलं की खालचं काम बाजूला सारून आधी ते. १९७३ मध्ये एमआयटीचे लिऊ आणि जेपीएलचे लेलँड यांनी सिद्ध केलं की असा मान दिला आणि प्रोसेसरवरचा एकूण भार, म्हणजे त्याच्या वेळेतला कामात जाणारा हिस्सा, एका मर्यादेच्या आत ठेवला तर कुठल्याच कामाची मुदत चुकणार नाही. दोन कामं असतील तर मर्यादा ८२.८ टक्के, तीन असतील तर ७८, कामं वाढत जातील तशी ६९.३ पर्यंत उतरते. फार सुंदर निकाल आहे पण कंजूष आहे. मर्यादेत असाल तर शंभर टक्के पास, बाहेर असाल तर नापास असं नाही, फक्त सांगता येत नाही.

मग नेमकं कसं सांगायचं? याचं उत्तर ज्या पेपरमध्ये आलं त्याचे लेखक मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या, दोघांचंही नातं मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेशी, आणि जोसेफ पुढे पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्राचे प्रमुख होते. पेपर १९८६ चा. जगभर रिअल टाइम सिस्टिमच्या, म्हणजे उत्तर वेळेतच द्यावं लागणाऱ्या सिस्टिमच्या, वर्गात हे शिकवतात आणि आपल्याकडे इंजिनिअरिंग झालेल्या दहातल्या नऊ पोरांना हे दोघं माहीत नसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पद्धत अशी की कागद-पेन घेऊन चहाच्या टेबलावर होईल. पहिलं काम दर ४ मिलिसेकंदांनी येतं, १ लागतो. दुसरं दर ६ नी, २ लागतात. तिसरं दर १३ नी, ३ लागतात, आणि त्याचं पुढचं यायच्या आत ते संपलं पाहिजे. भार ८१.४ टक्के, म्हणजे ७८ च्या वर, लिऊ-लेलँड इथे गप्प. आता तिसऱ्याचं सगळ्यात वाईट नशीब कोणतं? तिघं एकदमच दारात उभी राहिली. तिसऱ्याचे स्वतःचे ३. पण तेवढ्यात पहिलं एकदा आणि दुसरं एकदा घुसणार, ३ अधिक १ अधिक २, झाले ६. पण ६ मिलिसेकंदांत पहिलं दोनदा येतं, मग ३ अधिक २ अधिक २, ७. सातात दुसरंही दोनदा येतं, ३ अधिक २ अधिक ४, ९. नवात पहिलं तीनदा, ३ अधिक ३ अधिक ४, १०. दहात? पहिलं तीनदाच, दुसरं दोनदाच, पुन्हा १०. आकडा हलायचा थांबला, उत्तर १०. मुदत १३ ची होती, पास! आणि स्थिर व्हायच्या आधीच आकडा १३ च्या वर गेला असता तर नापास, पुढे मोजायचीही गरज नाही.

यात एक गोष्ट धरलीय, की खालचं काम वरच्याला कधीच अडवत नाही. प्रत्यक्षात अडवतं. दोघांना एकच वही, म्हणजे सामायिक डेटा, लागते, ती खालच्याच्या हातात आहे, तर वरच्याला थांबावं लागतं. हे थोडा वेळ चालतं, हिशेबात धरता येतं. पण ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानावर काय झालं, तर हवामानाचा डेटा गोळा करणाऱ्या कमी मानाच्या कामाने कुलूप लावून वही घेतली, मोठ्या मानाचं, बसवरचा (यानातल्या भागांना जोडणाऱ्या तारांवरचा) डेटा वाटणारं काम त्या कुलपाबाहेर थांबलं, आणि मधल्या मानाची कामं, ज्यांचा त्या वहीशी काडीचा संबंध नाही, ती येऊन हवामानवाल्यालाच बाजूला सारून बसली. हवामानवाला हलेना म्हणून कुलूप सुटेना म्हणून मोठा साहेब अडकलेला. मोठ्याचं काम वेळेत झालेलं नाही हे दिसलं की सिस्टिम स्वतःला रीसेट करायची, आणि असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं.

उपाय माहीत होता. कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला तेवढ्यापुरता बाहेर थांबलेल्या साहेबाचा मान द्यायचा, म्हणजे मधले त्याला हलवू शकत नाहीत, तो पटकन उरकून बाहेर पडतो. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांचा यावरचा पेपर १९९० चा. पाथफाइंडरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय होतीच, त्या एका कुलपासाठी बंद होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केली आणि रीसेट थांबले. यातली मला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे, उड्डाणाआधीच्या टेस्टिंगमध्ये असे रीसेट दिसले होते, पण पुन्हा घडवून आणता आले नाहीत म्हणून मागे पडले. आमच्याकडे अजूनही बग रिपोर्टवर "रिप्रोड्यूस होत नाही" लिहून बंद करतात तेव्हा मला मंगळ आठवतो.

आता हे सगळं एका कोरचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एका डोक्याचं, झालं. चार कोर आले की वरची बरीच गणितं डळमळतात, कारण चौघांची मेमरीकडे जायची वाट एकच, आणि तुमच्या कोरवरच्या कोडमध्ये एक अक्षर न बदलता शेजारच्याने जोरात मेमरी ओढायला सुरुवात केली की तुमचा वेळ वाढतो. कोण कधी किती ओढेल हे कोणी सांगावं? विमानांना सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या गटाने २०१६ मध्ये कास्ट-३२ए नावाचं पत्रक काढलं, त्याचा बराचसा रोख याच्यावरच आहे, की अशा शेजाऱ्यांच्या त्रासाचे सगळे रस्ते शोधा आणि ते आटोक्यात आहेत हे दाखवा. ते दाखवणं इतकं जिकिरीचं आहे की काही लोक सरळ चार कोरचा प्रोसेसर घेतात आणि त्यातले तीन बंद करून ठेवतात.

पोराने विचारलं, मग चार कोरचा घेतला कशाला? अरे बाबा, तेवढ्या ताकदीचे एक कोरवाले बाजारात मिळेनासे होत चाललेत म्हणून.